सॉल्टी बेट : कॉम्प्युटर विरुद्ध कॉम्प्युटर मारामारी आणि त्यावर लावलेले खोटे पैसे

रातकिडा

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. इथे बुद्धिबळावर धागे आहेत, ब्रिजवर आहेत, क्रिकेटवर तर ढिगाने आहेत. यावर एकही सापडला नाही, म्हणून मीच काढतोय.

दोन वर्षांपूर्वी मला कायमची रात्रपाळी लागली. सर्व्हरवर लक्ष ठेवायचं काम. पहाटे दोन ते चार या वेळात बहुतेक रात्री काहीच घडत नाही, आणि डोळा लागून चालत नाही. शेजारच्या टेबलावरच्या मित्राच्या दुसऱ्या स्क्रीनवर सतत काहीतरी मारामारी चाललेली असायची. एकदा विचारलं तर म्हणाला, "सॉल्टी बेट. बस, बघ."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. २०१३ पासून ही साइट चालू आहे. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या साइटवर अखंड एक प्रक्षेपण सुरू असतं. दोन कॅरेक्टर समोरासमोर येतात, एक लाल बाजूचं, एक निळ्या बाजूचं, आणि लढतात. कंट्रोलर कुणाच्याच हातात नसतो. दोन्ही बाजूंनी कॉम्प्युटरच खेळतो. लढत सुरू व्हायच्या आधी थोडा वेळ डाव खुला असतो. तेवढ्यात लाल की निळा ते ठरवायचं आणि आकडा टाकायचा. पैसे खोटे, त्यांना 'सॉल्टी बक्स' म्हणतात. नवीन माणसाला ४०० बक्स मिळतात. ते काढून घेता येत नाहीत, विकता येत नाहीत. सगळे उडाले तर पुन्हा उभं राहण्यापुरते थोडे मिळतात. त्या अवस्थेला तिथले लोक 'मिठाची खाण' म्हणतात. फायटिंग गेम खेळणाऱ्यांच्या बोलीत हरल्यावर जो चिडचिड करतो तो 'सॉल्टी'. आपल्याकडचं जखमेवरचं मीठ आठवलं की शब्द लगेच कळतो.

पहिल्या आठवड्यात मी चेहरा बघून पैसे लावत होतो. जो मोठा, जो भीतिदायक, त्याच्यावर. मग एका रात्री अशी लढत बघितली की माझं बघणंच बदललं.

लाल बाजूला एक यंत्रमानव, अर्धी स्क्रीन भरेल एवढा. निळ्या बाजूला कुंग फू मॅन. हा कुंग फू मॅन या गेम इंजिनासोबत (म्हणजे लढती चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरसोबत) फुकट येणारा नमुना आहे, पांढऱ्या कपड्यातला साधा माणूस. कुणीही नवीन कॅरेक्टर करायला बसलं की आधी याच्याच फाइली उघडून शिकतं. भाव फुटला तेव्हा लालवर नऊ, निळ्यावर एक. मीही लालवरच होतो. लढत सुरू झाली. यंत्रमानवाने हात फिरवला, आणि तो कुंग फू मॅनच्या डोक्यावरून गेला. पुन्हा फिरवला, पुन्हा वरून गेला. कुंग फू मॅन बसला होता. खाली बसून तो फक्त पायावर लाथ मारत होता. एक लाथ, अगदी थोडं आयुष्य कमी. दुसरी लाथ. यंत्रमानवाला वाकता येत नव्हतं, आणि त्याच्या मुठी जमिनीपासून ठरावीक उंचीच्या खाली येतच नव्हत्या. चॅटवर लोक ओरडत होते. मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. लालची आयुष्याची पट्टी तसूतसूने कमी होत होत संपली.

माझे सगळे बक्स गेले. पण दुसऱ्या दिवशी झोपून उठलो तरी तीच लढत डोक्यात. यंत्रमानवाच्या आकाराकडे सगळ्यांनी बघितलं. मूठ कुठून जाते हे कुणी बघितलं नाही. या इंजिनात प्रत्येक चित्रावर दोन प्रकारच्या चौकटी आखलेल्या असतात. लाल चौकट म्हणजे मारणारा भाग, निळी चौकट म्हणजे मार बसणारा भाग (लाल-निळ्या बाजूंशी या रंगांचा संबंध नाही). एकाची लाल दुसऱ्याच्या निळीला शिवली तरच फटका लागतो. ज्याने तो यंत्रमानव केला त्याने मुठीची चौकट उंच आखली होती, एवढंच. चित्र कितीही भयंकर असो, लढत या चौकटींचीच होते.

तेव्हापासून मी वही ठेवली. साधी शंभर पानी. नाव, गट, अडवतो की नाही, उडी मारून येतो की जमिनीवरून, लांबून गोळे फेकतो का, कोपऱ्यात सापडला की काय करतो. आजवर चार वह्या भरल्या.

आणि आता या धाग्याचा मुख्य मुद्दा. हे मला कुठल्याच पुस्तकातून उमगलं नव्हतं, तिथे उमगलं. कोण जिंकणार हा प्रश्नच नसतो. किती भावाने, हा प्रश्न असतो.

इथे जुगाराच्या अड्ड्यावर असतो तसा मालक कुणी नाही. तुमचे पैसे समोरच्या बाजूने लावणाऱ्या लोकांकडून येतात. समजा लालवर एकूण ९,००,००० बक्स आणि निळ्यावर १,००,०००. लालवर १०० लावून जिंकलात तर हातात ११ वाढतात. निळ्यावर १०० लावून जिंकलात तर ९०० वाढतात. आता समजा निळा पाचात एकदाच जिंकतो. म्हणजे तो हरणाराच, बहुतेक वेळा हरणार. तरीही पाच वेळा १०० लावले तर चार वेळा मिळून ४०० गेले, एकदा ९०० आले. ५०० शिल्लक. लालवर तेच केलं तर चार वेळा मिळून ४४ आले आणि एकदा १०० गेले. जिंकणाऱ्याच्या बाजूने राहूनही तोटा.

हे कळायला मला तीन महिने लागले, आणि कळल्यावर पोटात खड्डा पडला. कारण मी आयुष्यात कितीतरी ठिकाणी 'जिंकणारी बाजू' एवढंच बघत आलो होतो.

इथे आणखी कुणी बघतं का? तुम्ही काय बघून लावता? सविस्तर लिहा.

*

मृण्मयी_के

छान लिहिलंय. मी गेमिंगमधली नाही, पण शेवटपर्यंत वाचलं. एक प्रश्न: कुणीच खेळत नसेल तर मजा कशात आहे? आणि ही कॅरेक्टर्स कोण बनवतं, कंपनी?

*

नाशिककर_९

वाचनखूण साठवली आहे. रात्री निवांत वाचतो.

*

रातकिडा

@मृण्मयीताई, कंपनी नाही, आणि त्यातच अर्धी गंमत आहे.

इंजिनाचं नाव मुगेन. एलेकबाइट नावाच्या छोट्या गटाने १९९९ मध्ये ते बाहेर आणलं, तेव्हा ते विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालायचं. त्यांनी रिकामं मैदान दिलं आणि सांगितलं, कॅरेक्टर तुम्ही आणा. जगभरच्या लोकांनी आणली. जुन्या गेममधून चित्रं कापून आणली, कार्टूनमधली आणली, हाताने काढली. अटही अशी होती की यातून धंदा करायचा नाही. मध्ये काही वर्षं एलेकबाइटवाले गायबच झाले, तरी लोक थांबले नाहीत. २००९ च्या सुमारास ते परत आले. आता इकेमेन गो म्हणून एक खुलं इंजिनही आहे, तेच कॅरेक्टर त्यात चालतात.

म्हणजे स्क्रीनवर दोन कॅरेक्टर लढतात तेव्हा खरं तर कुठल्यातरी दोन अनोळखी माणसांची कित्येक महिन्यांची मेहनत समोरासमोर येते. एकाने जपानमध्ये बसून केलेलं, एकाने ब्राझीलमध्ये. त्यांना माहीतही नसतं.

आणि कॉम्प्युटर कसा खेळतो ते ऐका. इंजिनाची स्वतःची अक्कल अगदी कच्ची आहे. ती साधारण वाट्टेल ती बटणं दाबत सुटते. पण कॅरेक्टर करणारा मनावर घेईल तर स्वतःची अक्कल लिहू शकतो. समोरचा अमुक इतका जवळ आला तर हे कर, त्याने हल्ला सुरू केला असेल तर अडव, तो हवेत असेल तर वर मार. अशा शेकडो ओळी. साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. कुणी दोन ओळी लिहितो, कुणी दोन हजार. म्हणून दिसायला सारखेच, स्ट्रीट फायटर गेममधले दोन र्‍यू असतात आणि एक दुसऱ्याला लोळवतो.

गट आहेत. एक्स सगळ्यात वरचा, मग एस, ए, बी, आणि सगळ्यात खाली पी, त्याला 'पोटॅटो' म्हणतात. जिंकत राहिला की वर, हरत राहिला की खाली. नेहमीच्या लढती, मग १६ जणांची स्पर्धा, मग फर्माइशी लढती, असा फेरा अखंड चालतो. स्पर्धेत पैशांचं खातं वेगळं असतं. त्यामुळे मूळ खात्याची भीती न बाळगता लावता येतं. मी नवीन माणसाला आधी स्पर्धेतच खेळायला सांगतो.

*

चर्नीरोड

रातकिडा, तुम्ही ज्याला नवीन म्हणताय ते आम्ही लहानपणापासून ओळखतो. यालाच टोट म्हणतात.

माझे वडील गिरणीत होते. रेसच्या दिवशी कधीमधी मला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घेऊन जायचे. स्वतः फार लावायचे नाहीत, एखादं विन (घोडा पहिला येईल), एखादं प्लेस (पहिल्या काहींत येईल). पण बोर्डाकडे बघत उभे राहायचे. बुकीकडे लावलं तर तो भाव सांगतो आणि तो तिथेच ठरतो, मग घोडा जिंको की हरो. टोटवर भाव कुणी सांगत नाही. सगळ्यांनी लावलेले पैसे एका हौदात जातात, क्लबचा आणि सरकारचा वाटा बाजूला निघतो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. खिडकी बंद होईपर्यंत आकडे हलत राहतात. वडील म्हणायचे, बोर्ड बघ, घोडा नंतर बघ.

ही पद्धत पॅरिसमध्ये जोसेफ ओलर नावाच्या माणसाने १८६० च्या दशकात काढली. आधी कागदावर हिशेब करायचे. १९१३ मध्ये न्यूझीलंडला ऑकलंडजवळ एलर्स्ली मैदानावर जॉर्ज ज्युलियसने पहिलं स्वयंचलित टोट यंत्र बसवलं. माणसाच्या उंचीपेक्षा मोठं, तारा, कप्प्या आणि वजनांवर चालणारं. कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी. तुमच्या त्या साइटवर भाव दाखवणारा आकडा आहे ना, तो त्या यंत्राचा नातू.

एक फरक मात्र मोठा आहे. घोड्याचं चालणं बघता येतं. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधीच्या आवारात, फिरवतात तेव्हा पाठीवर घाम आहे का, कान कुठे आहेत, जॉकी कसा बसलाय, सगळं. तुमच्याकडे पॅडॉक नाही. नुसतं नाव बघून लावायचं?

*

रातकिडा

काका, फार मोलाची माहिती. क्लबच्या वाट्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. इथे खोटे पैसे असल्यामुळे कापून घेणारा कुणी नाही, हौदातलं सगळं वाटलं जातं. म्हणून हिशेब इतका स्वच्छ दिसतो.

पॅडॉकबद्दल: नाव आणि उभं राहिलेलं चित्र, एवढंच. पैसे भरून सभासद झालेल्यांना (त्यांना 'इल्युमिनाटी' म्हणतात) जुन्या लढतींची आकडेवारी दिसते. बाकीच्यांनी आपली वही.

पण एक गोष्ट पॅडॉकसारखी आहे, कपड्यांचा रंग. मुगेनच्या कॅरेक्टरला १२ रंगसंच देता येतात. सहा बटणांचे सहा, आणि स्टार्ट दाबून त्याच बटणांचे आणखी सहा. काही करणारे एखाद्या रंगाला जास्त ताकद देऊन ठेवतात. तोच माणूस निळ्या कपड्यांत साधा, आणि बाराव्या रंगात सोनेरी होऊन आला की समोरचा दोन फटक्यांत गार. माझ्या वहीत रंगाचा वेगळा रकाना आहे. एकदा तो न बघता लावलं आणि सहा आठवड्यांची कमाई एका मिनिटात गेली.

आणि तुमच्याकडे आकडे हलताना दिसायचे. इथे डाव बंद झाल्यावरच एकूण रक्कम कळते. म्हणजे घोडाही ओळखायचा आणि बोर्डावर काय येईल हेही ओळखायचं. माझ्या मते हीच यातली सगळ्यात खोल गोष्ट आहे. आपण दोन कॅरेक्टरांचा अंदाज करत नाही, बाकीचे लोक कशाला भुलतील याचा अंदाज करतो. ड्रॅगन बॉल या जपानी कार्टूनमधलं कुणी आलं की लोक डोळे मिटून लावतात. नावात 'गॉड' असलं की लावतात. चित्र सुंदर असलं की लावतात. भाव तिथेच चुकतो.

*

अनुष्टुभ

विषय आवडला. मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे दोन दुरुस्त्या.

पहिली. तुमच्या उदाहरणात निळ्यावर १,००,००० असताना तुम्ही १०० लावले, म्हणून भाव जवळपास नऊच राहिला. पण समजा तुम्ही श्रीमंत झालात आणि १,००,००० लावले. आता निळ्यावर २,००,००० आहेत, भाव साडेचार. निळा पाचात एकदा जिंकतो असंच धरलं, तर आधी तुम्हाला रुपयामागे सरासरी एक रुपया सुटत होता, आता रुपयामागे दहा पैसे. आणखी थोडे लावले असते तर भाव चारवर आला असता आणि फायदा शून्य. तुमच्याच पैशाने तुमचा भाव पडतो.

दुसरी. किती लावायचे याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, आणि लोक बुडतात ते तिथेच. बेल लॅब्जमधल्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये याचं सूत्र दिलं. जिंकण्याची शक्यता घ्या. हरण्याच्या शक्यतेला भावाने भागा. पहिल्यातून दुसरं वजा करा. तुमच्या उदाहरणात ०.२० वजा (०.८० भागिले ९), म्हणजे साधारण ०.११. खात्यातल्या पैशाचा नववा हिस्सा. त्याहून बरंच जास्त लावत गेलात तर अंदाज बरोबर असूनही खातं हळूहळू झिजतं, आणि सगळंच लावत राहिलात तर एक दिवस नक्की खाणीत जाता. उत्तर नकारार्थी आलं तर लावायचंच नाही.

विजयाच्या टक्केवारीवरही फार विसंबू नका. पी गटात दहातल्या नऊ लढती जिंकणारा आणि एस गटात दहातल्या पाच जिंकणारा, यांत दुसरा कितीतरी बलवान असू शकतो. बुद्धिबळातलं एलो मानांकन याचसाठी आहे. त्यात कुणाला हरवलं यावर गुण मिळतात. दोनशे गुणांचा फरक असेल तर वरच्याची जिंकण्याची शक्यता साधारण ७६ टक्के. तुमच्या चार वह्यांतल्या लढती एका तक्त्यात भरल्या तर प्रत्येक कॅरेक्टरचं मानांकन काढता येईल. मी मदत करायला तयार आहे.

*

रातकिडा

सर, दुसऱ्या मुद्द्यावर मनापासून आभार. मी आजवर 'अंदाजे' लावत होतो. वह्यांचे फोटो काढून पाठवतो, दोन-तीन दिवस द्या.

*

शिरीषाचं_फूल

मला वेगळं लिहायचं आहे, आणि ते कडू लागलं तर माफ करा.

माझ्या धाकट्या भावाने एका ऑनलाइन ॲपवर खऱ्या पैशांनी खेळायला सुरुवात केली तेव्हा आधी त्यालाही फुकटची नाणी मिळाली होती. महिनाभर त्याच नाण्यांनी खेळला. जिंकला. त्याला वाटलं आपल्याला जमतं. मग पहिले पाचशे रुपये टाकले. पुढचं सगळं सांगत नाही. आईच्या पाटल्या गेल्या, त्याचं लग्न मोडलं. आज तो बरा आहे, आमच्याच घरी राहतो, पण जेवताना फोन वाजला की आई अजून दचकते.

तुम्ही हिशेब समजावून सांगताय, ते हुशारीचं आहे. पण 'मला भाव कळतो' ही भावनाच त्याला घेऊन बुडाली. म्हणून विचारते, हे तुम्ही तरुण मुलांना बिनधास्त दाखवाल का?

*

रातकिडा

शिरीषताई, कडू नाही लागलं. हा प्रतिसाद या धाग्यावर हवाच होता. शांतपणे उत्तर द्यायचं म्हणून एक दिवस थांबलो.

कायद्याने बघितलं तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळले जाणारे खेळच बंद केले आहेत. इथे बक्स विकत मिळत नाहीत आणि परत पैशात बदलत नाहीत. सभासद होऊन मिळते ती माहिती, बक्स नव्हेत. पण तुमचा प्रश्न कायद्याचा नाही, हे मला कळतं.

ज्या ॲपमध्ये फुकटची नाणी दिली जातात तिथे ती नाणी म्हणजे उंबरठा असतो. आत घेण्यासाठीच ठेवलेला. या साइटला आत असं काही नाहीच. दहा लाख बक्स जिंकलात तरी करायचं काय, तर पुढच्या लढतीवर लावायचे. तरी तुमच्या भावासारख्या माणसाला मी हे दाखवणार नाही. ज्याला एकदा ती ओढ लागून गेली आहे त्याच्यासाठी पैसे खोटे असले तरी छातीतली धडधड खरीच असते. मलाही होते, रात्री तीन वाजता, चारशे बक्ससाठी.

आणि 'मला भाव कळतो' याबद्दल: चार वह्यांचा हिशेब केला तेव्हा दिसलं की माझे अंदाज शंभरातले साधारण अठ्ठावन्न बरोबर आले. दोन वर्षं रोज बघून, प्रत्येक गोष्ट लिहून ठेवून, अठ्ठावन्न. खऱ्या पैशात, जिथे मालक आपला वाटा कापतो, तिथे त्यातलं काय उरेल ते सर सांगतील. तुमच्या भावाला कधी माझ्याशी बोलावंसं वाटलं तर जरूर बोलू द्या.

*

शिरीषाचं_फूल

वाचलं. अठ्ठावन्नचा आकडा त्याला दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, मी कधी लिहूनच ठेवलं नव्हतं. धन्यवाद.

*

कोल्हापुरी_तांबडा

आज लॉगिन करून लिहितोय ते 'मुगेन' हे नाव वाचून. पंधरा वर्षांनी ऐकलं.

२०१० साली मी हॉस्टेलला होतो. रूममध्ये एकच कॉम्प्युटर, सहा जण. मुगेनमध्ये जगातलं सगळं होतं, आपलं काही नव्हतं. म्हटलं, आपण पैलवान करू. माझे चुलते तालमीत जायचे. त्यांना सुट्टीत आखाड्यात उभं केलं, मित्राच्या कॅमेऱ्याने फोटो काढले, आणि त्यावरून चित्रं काढली. लाल लंगोट, अंगाला माती, कान मोडलेले. शड्डू ठोकण्याची एकच हालचाल अकरा चित्रांत बसवली. मांडीवर हात पडतो त्या चित्राला आवाज जोडला. तो आवाज आमच्याच तालमीतला, मोबाइलवर रेकॉर्ड केलेला. एका वर्षात तीनशेच्या वर चित्रं झाली.

पुढे तो कॉम्प्युटर बिघडला, दुरुस्तीला दिला, आणि दुकानदाराने न विचारता डिस्क पुसून दिली. मी त्यानंतर पुन्हा हात लावला नाही.

*

नाशिककर_९

तांबडाकाका, वाचून फार वाईट वाटलं. पण डाव कसे केले होते? पैलवान लाथाबुक्क्या थोडाच मारणार! धोबीपछाड होती का?

*

कोल्हापुरी_तांबडा

होती. धोबीपछाड, ढाक, आणि मोळी. कलाजंग करायची राहिली.

यातली गंमत सांगतो, रातकिड्यांना आवडेल. पकडून टाकायचा डाव असेल तर समोरचा उलटा झालेला, हवेत आडवा झालेला दिसायला हवा. पण समोर कोण येणार ते आपल्याला माहीत नसतं. र्‍यू येईल, एखादी परी येईल, यंत्र येईल. त्या सगळ्यांची चित्रं मी कुठून काढणार? तर इंजिनाने यासाठी नियम घालून दिलाय. प्रत्येक कॅरेक्टरमध्ये ५००० क्रमांकापासून पुढे मार खाल्ल्याची चित्रं ठेवावी लागतात. मागे झुकलेला, वाकलेला, हवेत उताणा, जमिनीवर पडलेला. क्रमांक सगळ्यांचे सारखे. मग मी माझ्या फाइलमध्ये लिहायचं: माझा हात इथे असताना त्याचं अमुक क्रमांकाचं चित्र इथे, एवढं वर, उलटं करून दाखव. डाव लागला की समोरचा थोडा वेळ माझ्या फाइलप्रमाणे चालतो. त्याची अक्कल बाजूला, त्याचं अंग माझ्या ताब्यात.

चुलत्यांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, कुस्तीतबी आसंच आसतं की. पकड बसली की त्येचं अंग आपलं.

पण ज्याने ती ५००० ची चित्रं नीट दिलेली नसत, त्याला उचललं की तो दिसेनासाच व्हायचा. पैलवान रिकामे हात खांद्यावरून फिरवायचा आणि जमीन हादरायची. आणि काही धिप्पाड कॅरेक्टर पकडताच येत नाहीत असे लिहिलेले असत. त्यांच्यापुढे आमचा गडी हतबल.

अक्कल मी स्वतः लिहिली होती. अंतर चाळीस पिक्सेलच्या आत आलं की पकड. लांब असेल तर चालत जा, अडवत. उडी नाही. पैलवान उडी मारत नाही, यावर आमच्या रूममध्ये दोन रात्री वाद झाला होता.

*

अनुष्टुभ

उडी न मारणारा, गोळे न फेकणारा, फक्त चालत येऊन पकडणारा. लोक त्याच्यावर लावणार नाहीत. भाव फार चांगला मिळेल.

*

मृण्मयी_के

मी परवा लेकीला घेऊन बसले होते. इथे न्यू जर्सीत आमची दुपार, रातकिडा यांची रात्र. ती नऊ वर्षांची आहे. ४०० बक्स तासाभरात संपले, कारण ती दर वेळी जो हरेल असं वाटतं त्याच्यावरच लावत होती. मी म्हटलं, अगं, दुसरा जिंकणार आहे. तर म्हणाली, हो, पण याच्या बाजूने कुणीच नाहीये.

पैसे संपल्यावरही आम्ही उठलो नाही. शेवटच्या लढतीत एक पोळपाटाएवढा बेडूक होता, तिने नाव ठेवलं 'गोट्या'. गोट्या हरला. पण हरायच्या आधी त्याने तीन वेळा समोरच्याचा वार अडवला, आणि तिन्ही वेळा ती टाळ्या वाजवत होती. रात्री झोपताना विचारलं, गोट्याला अडवायला कुणी शिकवलं? म्हटलं, कुणीतरी बसून लिहिलंय बाळा, समोरचा जवळ आला की अडव म्हणून. तिला ते खूप आवडलं. आता तिला बेडूक काढायचाय.

काका, तुमच्या पैलवानाबद्दलही तिला सांगितलं.

*

रातकिडा

मृण्मयीताई, लेकीला सांगा, कुंग फू मॅनच्या फाइली उघडून बघ. सगळे तिथूनच सुरू करतात. काही अडलं तर मला इथेच विचारा.

तांबडाकाका, एक विचारू? त्या काळी सीडीवर घालून एकमेकांना द्यायची पद्धत होती. तुमच्या रूममधल्या सहा जणांपैकी कुणाकडे एखादी प्रत असेल का?

*

कोल्हापुरी_तांबडा

तुमचा प्रतिसाद वाचून तिघांना फोन केले. दोघांकडे नाही. तिसरा आता सांगलीला असतो. म्हणाला, माळ्यावरच्या खोक्यात बघतो.

आज संध्याकाळी त्याचा फोन आला. सीडी सापडली. वर मार्करने 'पैलवान ३' लिहिलंय, म्हणजे शेवटून दुसरी आवृत्ती, मोळीच्या आधीची. त्याच्याकडे सीडी वाचणारं यंत्र नाही, म्हणून रविवारी मीच जातोय. व्हिडिओ कॉलवर त्याने ती दिव्यासमोर धरून दाखवली. कडेला एक ओरखडा आहे, मधला भाग स्वच्छ दिसतो.

आयुष्य १०००, हल्ला १००, बचाव १०० ठेवला होता, एवढं आठवतं. जसं इंजिन देतं तसंच. चुलत्यांनी सांगितलं होतं, वाढवायचं नाही.

*

अनुष्टुभ

सांगलीला मी आहे. सीडी ड्राइव्ह माझ्याकडे आहे. व्यक्तिगत निरोप केला आहे, पत्ता बघा.